बांधाआडचं पाणी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आहुप्याकडे आणि भीमाशंकरच्या वाटेवर, भात पिकतं ते उतारावरच्या खाचरांत. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातही तेच. पावसाची इथं वाण नाही, पण डोंगरावर पडलेलं पाणी थांबत नाही. म्हणून मृग लागण्याआधी शेतकरी बांध धरायला घेतो. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवतो, ढासळलेली ताल रचून घेतो. मग चिखलणी, मग आवणी. ऐन श्रावणात बांध फुटला तर पाणी सुटतं आणि रोपं खालच्या ओढ्यात जातात. त्या सुटलेल्या पाण्याला कुणी मोकळं झालं म्हणत नाही, वाया गेलं म्हणतात.

ख्रिस्ती माणसाला देवाच्या आज्ञा कशासाठी हव्यात, याचं मला पटलेलं उत्तर या खाचरांत आहे. मात्र बांधाची दुसरी बाजूही या दोन तालुक्यांना चांगली ठाऊक आहे. शेजाऱ्याचा बांध कोरणं, रात्रीतून दगड सरकवणं, त्यावरून वर्षानुवर्षं चालणारे दावे. बायबलातल्या शेतकऱ्यांनाही हे दुखणं होतं. अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याची मेर सरकवायला स्पष्ट मनाई आहे, आणि सोळाव्या स्तोत्रात भक्त देवाचे आभार मानतो ते आपल्या वाट्याची हद्द चांगल्या जागी आखली गेली म्हणून. तेव्हा प्रश्न दोन आहेत. देवानं घातलेला बांध कोणता, आणि माणसानं सरकवून देवाच्या नावावर खपवलेला दगड कोणता? ख्रिस्ती स्वातंत्र्याची सगळी चर्चा माझ्या मते इथं येऊन ठेपते.

दहा आज्ञांचा क्रम बघावा. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात पहिली आज्ञा येण्याआधी देव आपली ओळख देतो, ती गुलामगिरीतून सोडवणारा म्हणून. मिसर देश आधी सुटला, सीनाय पर्वत नंतर आला. आज्ञा पाळल्या म्हणून इस्राएल लोकांची सुटका झाली नाही. सुटका झालेल्या लोकांनी पुन्हा कुणाचे गुलाम होऊ नये आणि कुणाला गुलाम करू नये, म्हणून आज्ञा दिल्या गेल्या. शब्बाथाच्या आज्ञेत तर विसावा कुणाकुणाला द्यायचा याची यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि वेशीच्या आत राहणारा परकासुद्धा. मालकाला ही मर्यादा वाटेल, पण त्याच्या गड्याला आणि बैलाला ती सुटका आहे. हंगामात टोमॅटो तोडायला आणि कांदा काढायला मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या आपल्या भागात हे सहज समजावं. पुढं हीच आज्ञा माणसाच्या उरावर बसू लागली, तेव्हा येशूनं त्याच दिवशी आजाऱ्यांना बरं केलं आणि दिवस माणसासाठी आहे हे ठणकावून सांगितलं. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातही हीच दोन टोकं एकत्र बांधलेली आहेत: पुन्हा जोखडात मान देऊ नका, आणि मिळालेली मोकळीक स्वैराचारासाठी न वापरता प्रीतीनं एकमेकांची सेवा करा.

जुन्नरला ख्रिस्ती धर्माची ओळख एकोणिसाव्या शतकातच झाली. चर्च मिशनरी सोसायटीचं एक केंद्र इथं होतं. पण या प्रश्नाला स्वतःच्या आयुष्यानं भिडलेली बाई पाहायची, तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. आपल्या घोड, मीना, कुकडीचं पाणी शेवटी भीमेला मिळतं. त्या भीमेच्या दौंड तालुक्यात केडगाव आहे, आणि केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. सगळं कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. उपासतापास, व्रतं, तीर्थं यांत त्यांनी कसूर ठेवली नाही, आणि तरी दुष्काळात आईवडील भुकेनं गेले. कलकत्त्यात वीस वर्षांच्या रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. पुढं भाऊ गेला. जातीबाहेर लग्न केलं, दोन वर्षांच्या आत नवराही गेला, आणि मनोरमा नावाची तान्ही मुलगी पदरात राहिली. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्या उतरल्या. या भगिनी लंडनमध्ये फसवल्या गेलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांना आसरा देत. ज्या बायकांकडे बघणंही पाप मानलं जाई, त्यांना इथं प्रेमानं उभं केलं जातंय, हे रमाबाईंनी पाहिलं. योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट त्यांनी ऐकली. आधीच ख्रिस्ती झालेल्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या पत्रांनी वैचारिक बाजू भक्कम केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. एका धर्माचे पुरोहित सोडून आलेली ही बाई दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांपुढे मान तुकवायला तयार नव्हती. तिची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि ती यांच्यातली पत्रं पुढं पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाली. ती वाचताना दोन्ही बायकांचा जीव किती गुंतला होता हे कळतं. जेराल्डीनला वाटे, नवख्या लेकरानं मंडळीच्या शिकवणीपुढे नम्र व्हावं. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढल्या आणि न पटलेलं मान्य करायला नकार दिला. त्यांनी मांसाहार घेतला नाही, अंडं घातलेला पदार्थही नाही. जेराल्डीनला यात जुन्या धर्माचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत असावं, हाही त्यांचा आग्रह. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ते मान्य होण्यासारखं नव्हतं. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत बोललो आहोत, आणि ख्रिस्ती झाल्यावर हातपाय आखडून घ्यायचे?

हा हेकेखोरपणा होता का? मला नाही वाटत. रमाबाई देवापुढे झुकलेल्या होत्या, आणि म्हणूनच देवाच्या नावानं उठलेल्या प्रत्येक हुकमापुढे झुकणं त्यांना शक्य नव्हतं. प्रार्थना, सत्य, गरिबाची सेवा हे बांध त्यांनी स्वतःहून मानले. अन्न, भाषा, बाईनं कुठं शिकवायचं, हे दगड कुणीतरी नंतर आणून ठेवलेले आहेत, हे त्यांनी बरोबर ओळखलं. एवढंही पुरेसं नव्हतं, असं त्यांनीच पुढं आपल्या साक्षीत सांगितलं. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं ख्रिस्ती धर्म हाती होता, ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना ते उमगलं आणि मनाला विसावा मिळाला. त्या दिवसांनंतरची त्यांची पत्रं जास्त शांत आहेत, आणि काम कितीतरी पटींनी मोठं.

त्याआधी, भारतात परतल्यावर, ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. विधवा मुलींनी आपापला आचार पाळावा, धर्माची सक्ती होणार नाही, हा शब्द दिलेला होता. रमाबाई मनोरमेला घेऊन प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'नं झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. कोवळ्या, निराधार मुलीवर सांभाळणाऱ्या बाईचा प्रभाव पडणारच. पण आपल्याच खोलीत दार लावून चोरून प्रार्थना करायची, ही अट रमाबाईंनी स्वीकारली असती तर त्या मुलींना स्वातंत्र्याचं काय शिकवू शकल्या असत्या? शिवाय सदनातून मुली वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली, आणि हिंदूच राहिली.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. त्यांची सोय केडगावच्या माळावर, स्वतः घेतलेल्या जमिनीवर झाली. त्याच काळात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची जी विटंबना झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तर मुक्तीत दीड-दोन हजार जीव होते. घंटेवर चालणारा दिवस, प्रार्थना, शाळा, शेत, माग, तेलघाणा, गोठा, छापखाना. आंधळ्या बायकांसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन. शिस्त कडक होती. आजच्या वाचकाला ती जाचकही वाटेल. पण ज्या मुलीची घरात सावलीही वर्ज्य होती, तिला इथं खिळे जुळवून पान छापता येत होतं, आणि त्या मजुरीवर ताठ उभं राहता येत होतं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, का तर साध्या बाईला ते कुणाच्या मध्यस्थीवाचून वाचता यावं. ते त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई.

दुसरा दाखला कवी ना. वा. टिळकांचा, आणि त्याहून जास्त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. त्याची एक वाट जुन्नरातूनही जाते. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणाऱ्या चैतन्यांची समाधी परंपरेनं आपल्या ओतूरला मानली जाते, आणि टिळक सांगत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या वाटेनं. माळ घातली की आचार आला, एकादशी आली, वारी आली, आणि त्या आचारातच वारकऱ्याला नाचण्याची मोकळीक मिळाली; टिळकांचे ख्रिस्ती अभंग याच मातीतले आहेत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तेव्हाही वेगळी चूल आणि वेगळं पाणी ठेवलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही त्यांची थोरवी. सोवळं सुटलं ते कुणाच्या प्रवचनानं सुटलं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, हा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच घोळवला, आणि उत्तर मिळालं त्या दिवशी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना हे पान मी नेहमी थांबून वाचते. देवाचा बांध आणि माणसाचा दगड यांतला फरक ओळखायला त्यांना ना हिब्रू लागलं, ना ग्रीक.

टिळक स्वतः आणखी पुढं गेले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. पाश्चात्त्य मिशनऱ्यांची सत्ता नको, ख्रिस्ताची हवी, असा त्याचा रोख. १९१९ मध्ये ते वारले, आणि त्यांचं 'ख्रिस्तायन' हे अपुरं काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

आज आपल्या मंडळ्यांत हे सगळे लोक आदरानं आठवले जातात, त्यांची गीतं रविवारच्या उपासनेत गायली जातात. पण महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती घरांत सोयरीक जमवताना अजून मूळ जात विचारली जाते. एकाच प्रभुभोजनाच्या मेजाशी बसणारी दोन कुटुंबं मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की मागं सरतात. हा दगड कुणी ठेवला हे लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी बसून ओळखलं, त्याला सव्वाशे वर्षं होत आली. तो उचलायचं काम आता पाळकांचं आहे, आईबापांचं आहे, आणि ज्यांचं लग्न ठरायचंय त्या मुलामुलींचंही.