टेंभुर्णीचे जपानी भावंड

वैरागकडच्या वाचकांना टेंभुर्णी गाव माहीत असेलच. त्याच नावाच्या झाडाच्या पानांत सोलापूरच्या विड्या वळतात. त्याचे कच्चे फळ चावून पाहा. जीभ खरखरीत होते. फळातील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते व लाळेचा बुळबुळीतपणा जातो.

कुलूकडचे ‘जपानी फळ’, म्हणजे पर्सिमॉन, याच डायोस्पायरॉस प्रजातीतील. अमेरिकेत त्याच्या गरात दालचिनी घालून पुडिंग भाजतात. गरातील शर्करा व पेक्टिन पाणी धरून ठेवतात, म्हणून ते ओलसर राहते. खायचा सोडा घातला, तर अल्कतेमुळे ते काळपट होते. बेकिंग पावडर घातली, तर नारिंगी राहते.

फळ मात्र लिबलिबीत पिकलेलेच घ्यावे. तेव्हा टॅनिन अविद्राव्य झालेले असते. कच्च्याचा तुरटपणा भट्टीत जात नाही.