ईस्टरच्या दिवशीच लिली कशी फुलते?



अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांकडून पुनरुत्थान रविवारी जी छायाचित्रे येतात, त्यांत एक दृश्य हमखास असते. वेदीच्या पायऱ्यांवर, पास्काच्या मेणबत्तीभोवती, पांढऱ्याशुभ्र कर्ण्यासारख्या फुलांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात. ही ईस्टर लिली. चर्चबाहेर कित्येक ठिकाणी अजून बर्फ वितळलेले नसते, झाडांना पालवी फुटलेली नसते. आणि आत मांडलेली फुले तोडून आणलेली नसतात. आपापल्या कंदावर उभी असलेली ती जिवंत रोपे असतात. मोकळ्या बागेत हीच लिली जून-जुलैमध्ये फुलते. मग मार्च-एप्रिलमध्ये, तेही दरवर्षी बदलणाऱ्या तारखेला, ती नेमकी उमलते तरी कशी?

वसईच्या फुलबागायतदाराला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. दसऱ्याला झेंडू बाजारात यावा म्हणून शेतकरी पावसाळ्यातच मागे दिवस मोजून रोपे लावतो. दसरा चंद्राच्या तिथीवर ठरतो आणि ईस्टरही चंद्रावरच ठरतो. इ. स. ३२५ च्या निसिया येथील विश्वपरिषदेने हा सण सर्वत्र एकाच रविवारी साजरा व्हावा असा निर्णय केला. पुढे रूढ झालेल्या गणनेप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. (ही पौर्णिमा आकाशातील चंद्राची नव्हे, ख्रिस्तसभेच्या कोष्टकातील चंद्राची.) त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या ३५ दिवसांत कधीही येऊ शकतो. झेंडूचा हिशेब दोन-अडीच महिन्यांचा असतो. लिलीचा हिशेब जवळजवळ सहा महिन्यांचा, आणि तो सारा कडाक्याच्या हिवाळ्यात, काचेच्या छताखाली पार पाडावा लागतो. शिवाय दसऱ्यानंतर दिवाळी असते. ईस्टरनंतरच्या सोमवारी उमललेल्या लिलीला मात्र गिऱ्हाईक नसते.

या हिशेबाची किल्ली कंदात आहे. कांद्याला वरून कोरडा पापुद्रा असतो, तसा लिलीच्या कंदाला नसतो. लसणीच्या पाकळ्यांसारखे मांसल खवले एकमेकांवर बसलेले असतात आणि ते उघडेच असतात. म्हणून हा कंद वाळवून फडताळात ठेवता येत नाही. ट्युलिपचा कंद कोरडा पडून राहू शकतो. लिलीचा कंद कधीच पूर्ण झोपत नाही, त्याला सतत ओलावा लागतो. आणि त्याला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे थंडी.

येथे आपल्या समजुतीला थोडा धक्का बसतो. थंडीने वाढ खुंटते आणि उबेने फूल येते, असे आपण मानतो. ते निम्मेच खरे आहे. ईस्टर लिलीच्या ओलसर कंदाला सुमारे ४ ते ७ अंश सेल्सिअस तापमानात सहा आठवडे ठेवावे लागते. उत्पादक त्याला ‘हजार तासांची थंडी’ म्हणतात; सहा आठवड्यांचे १,००८ तास होतात, तेव्हा नाव अचूक आहे. या काळात वरून पाहणाऱ्याला काहीही घडताना दिसत नाही. पण आतील अंकुर हे तास जणू मोजत असतो. पुरेशी थंडी मिळाली नाही, तर रोप उगवते खरे. परंतु ते उशिरा व अनियमितपणे फुलते, शंभर कुंड्यांच्या शंभर तारखा होतात. थंडी जास्त झाली, तर रोप घाईने फुलते, पण पाने आणि कळ्या कमी येतात. म्हणजे थंडी ही येथे अडचण नसून घड्याळ आहे, आणि त्या घड्याळाला किल्ली कमी-जास्त देऊन चालत नाही.

थंडी थोडी अपुरी पडल्यास उपाय आहे. अंकुर मातीबाहेर येताच रात्री दहा ते दोन या वेळेत दिवे लावून ठेवतात. रोपाला रात्र लहान भासते आणि अशी एक रात्र साधारणपणे थंडीच्या एका दिवसाची उणीव भरून काढते. कंदाला प्रकाशाने फसविता येते, ही गोष्ट मला तरी मोठी नवलाची वाटते.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. थंडीचे सहा आठवडे आणि त्यानंतर हरितगृहातील उबदार वाढीचे सुमारे सतरा आठवडे, असे एकूण तेवीस आठवडे धरले, तर २००८ साली २३ मार्चला आलेल्या ईस्टरसाठी कंद १४ ऑक्टोबर २००७ च्या सुमारास थंडीत जायला हवे होते. कंदांची काढणी मुळात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे शेतातून काढून, निवडून, पेट्यांत भरून, हजारो किलोमीटर पाठविण्यास जेमतेम काही दिवस उरले. उलट २०११ मध्ये ईस्टर २४ एप्रिलला होता; तेव्हा हाच मुहूर्त १४ नोव्हेंबरपर्यंत पुढे सरकला. तोच कंद, तोच शेतकरी, आणि वेळेत एका महिन्याचा फरक.

जानेवारीच्या उत्तरार्धात या कामातील सर्वांत नाजूक टप्पा येतो. रोप तेव्हा वीतभरही उंच नसते, पण त्याच्या शेंड्यात कळ्यांची घडण सुरू झालेली असते. एकदा ती सुरू झाली की रोप नवी पाने घडवीत नाही. जी घडायची ती सारी पाने शेंड्यात एकमेकांना लपेटून तयार असतात. येथून पुढे उत्पादक पाने मोजतो. काही रोपांचा बळी देऊन तो त्यांचे एकेक पान सोलत जातो. शेवटची पाने इतकी सूक्ष्म असतात की भिंग आणि सुई घ्यावी लागते. समजा, एका रोपात ९० पाने निघाली, त्यांपैकी ४० उलगडली आहेत आणि कळी बाहेर दिसायला हवी त्या दिवसाला ३० दिवस उरले आहेत. राहिलेली ५० पाने ३० दिवसांत उलगडायची, म्हणजे पाच पाने तीन दिवसांत. पान उलगडण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. वेग कमी पडत असेल, तर हरितगृहाची ऊब एक-दोन अंशांनी वाढवायची. रोप पुढे धावत असेल, तर कमी करायची. दर काही दिवसांनी पुन्हा मोजणी. बाहेर हिमवर्षाव चालू असताना ही माणसे पानांना खुणा करीत फिरत असतात.

कळी नजरेस पडल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारणपणे पाच आठवडे लागतात. राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो. म्हणून उपवासकाळाच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत शेंड्यात हिरव्या कळ्या दिसल्या, तर काम वेळेवर चालले आहे असे समजावे. भाविक कपाळावर राख घेऊन घरी परततात, त्याच सुमारास लिली उगविणाऱ्याचे डोळे शेंड्याकडे लागलेले असतात. कळ्या फुगून पांढुरक्या झाल्या आणि सण अजून दूर असला, तर कुंड्या २ ते ४ अंशांच्या शीतगृहात नेऊन आठ-दहा दिवस थोपविता येतात. मागे पडलेल्या रोपाला मात्र ऊब वाढवून फार पळविता येत नाही. फुले दुबळी होतात.

रोपाची उंची हाही एक व्याप असतो. हिवाळ्याच्या मंद प्रकाशात ते लांबुडके होते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, दिवस रात्रीपेक्षा जितका उबदार, तितके रोप उंच जाते. दिवसाचे तापमान रात्रीपेक्षा कमी ठेवले, तर ते ठेंगणे राहते. तेव्हापासून अनेक हरितगृहांत पहाटेच्या वेळी मुद्दाम गारवा केला जातो.

हे कंद येतात कोठून? या लिलीचे माहेर जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटे आणि तैवान. एकोणिसाव्या शतकात बर्म्युडा बेटांवर तिची मोठी लागवड झाली. रोगाने ती खालावल्यावर व्यापार जपानकडे गेला. १९१९ मध्ये लुई हॉटन नावाच्या गृहस्थांनी पेटीभर कंद ऑरेगन राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावर नेले आणि मित्रांना वाटले. हौसेची ही बाग १९४१ पर्यंत हौसेचीच होती. त्या वर्षअखेर जपानशी युद्ध पेटले, कंदांचा पुरवठा तुटला आणि परसातील कंदांना ‘पांढरे सोने’ म्हणू लागले. आजही उत्तर अमेरिकेतील बहुतेक ईस्टर लिलींचे कंद कॅलिफोर्निया आणि ऑरेगन यांच्या सीमेवरील एका अरुंद किनारपट्टीतून येतात. तेथे ना कडक हिवाळा, ना कडक उन्हाळा. एक कंद विकण्याजोगा होण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. दरवर्षी तो उकरायचा, पुन्हा लावायचा, शेतात आलेल्या कळ्या खुडायच्या, म्हणजे सारा कस कंदात उतरतो. एकेकाळी पॅसिफिक किनाऱ्यावर शेकडो लोक हे काम करीत. आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. कंदांच्या रक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांचे अंश तेथील स्मिथ नदीच्या परिसरात आढळल्याने वादही झाले आहेत. वेदीवरील शुभ्रतेमागे हाही भाग आहे, तो झाकून ठेवू नये.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने ज्या फुलांचा दाखला दिला आणि मराठी बायबलात ज्यांना ‘भूकमळे’ म्हटले आहे, ती ही लिली नव्हे. पूर्व आशियातील हे फूल पॅलेस्टाईनच्या रानात नव्हते. पवित्र मरियेला देवदूताने संदेश दिल्याच्या जुन्या युरोपीय चित्रांत दिसणारी पांढरी लिलीही वेगळीच. ती भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातील ‘मॅडोना लिली’. ईस्टरच्या वेदीवर जपानी लिली आली, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: सांगितलेल्या तारखेला फुलणे तिला जमते.

परदेशी राहणाऱ्या ज्या वाचकांना घरीच प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी ऑक्टोबरमध्ये टणक, ओलसर कंद घ्यावा. या लिलीला कंदाच्या वरही, खोडावर मुळे फुटतात. म्हणून खोल कुंडी घेऊन कंदावर चार-पाच बोटे माती राहील असे लावावे. थंड तळघरात किंवा गॅरेजमध्ये, गोठणार नाही अशा जागी, सहा आठवडे ठेवावे आणि माती ओलसर राहील हे पाहावे. फ्रीजमध्ये ठेवल्यास शेजारी सफरचंदे नसावीत. पिकत्या फळांतून निघणारा वायू कळीला मारक ठरतो. नंतर कुंडी सर्वांत उजेडाच्या खिडकीत, १६ ते १८ अंश तापमानात ठेवावी. घरात पाने मोजण्याइतकी अचूकता साधत नाही. ईस्टरच्या मागेपुढे आठवडाभर फूल आले, तरी ते यशच समजावे. आपल्या कोकणपट्टीत मात्र हा खटाटोप करू नये, येथे कंदाला हवी ती थंडीच नाही.

ज्यांना फुललेली कुंडी भेट मिळते, त्यांनी तिच्याभोवतीचा चमकता कागद तळाशी फाडून पाणी वाहू द्यावे. लिली तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने लवकर मरते. फूल उमलताच आतील पिवळे परागकोश हलकेच खुडावेत. फूल अधिक दिवस टिकते आणि वेदीवस्त्रावर डाग पडत नाहीत. घरात मांजर असेल, तर ही लिली घरात आणूच नये. तिचे पान, पाकळी, परागकण, एवढेच काय कुंडीतील पाणीसुद्धा मांजराच्या पोटात गेल्यास त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. पान चघळल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे.

सण झाल्यावर कुंडी कचऱ्यात टाकण्याची तिकडे रीतच आहे. तसे करू नये. फुले सुकल्यावर ती काढून टाकावीत, पाने हिरवी राहतील तोवर पाणी घालावे आणि हिमतुषारांचे दिवस सरले की कंद बागेत खोलवर लावावा. हिवाळा फार कडक नसेल, तर पुढच्या वर्षी ही लिली पुन्हा उगवेल; मात्र ईस्टरला नव्हे, जून-जुलैत.