तारा खरंच हलतो का?

“डॉक्टर, रात्री किनाऱ्यावर बसलं की समुद्रावरचा एकच तारा इकडेतिकडे सरकतो. माझे डोळे बिघडले का?” अलिबागकडच्या एका मच्छीमाराने ओपीडीत विचारले. तपासले, डोळे ठणठणीत होते.

काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की शेजारी तुलनेला काही नसते. डोळ्यांच्या सूक्ष्म हालचाली चालूच असतात. मेंदूचा अंदाज चुकतो आणि तारा भटकल्यासारखा वाटतो. १७९९ मध्ये शास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनाही असेच तारे हलताना दिसले होते.

ताऱ्यांची रोजची चाल वेगळी. पृथ्वी फिरते म्हणून ते तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकतात; तोच तारा रोज ४ मिनिटे आधी मावळतो. ध्रुवतारा मात्र अलिबागहून उत्तरेला, क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर, जवळजवळ जागचा हलत नाही.

पारख सोपी आहे. माडाच्या बुंध्याआडून तारा पाहा. भटकणे थांबले तर तो भास. होडीवरही दूरच्या एकट्या दिव्याकडे टक लावू नका, नजर फिरती ठेवा. पण घरातल्या वस्तूही हलताना किंवा दोन-दोन दिसत असतील, चक्कर येत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.