पक्क्याला कच्च्याची जोड

गोल्फ हा चेंडूकाठीचा खेळ आहे. मोठ्या हिरव्या मैदानात काठीने चेंडू टोलवायचा आणि दूरच्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. ज्याला टोले कमी लागतील, तो जिंकला.

अमेरिकेत बिंग क्रॉस्बी नावाचा नामांकित गायक होता. त्याने १९३७ साली कॅलिफोर्नियात एक सामना भरवला. एक धंदेवाईक खेळाडू आणि एक हौशी, अशा जोड्या लावल्या. हौशांत नट असत, गवई असत. पहिल्याच वर्षी पाऊस कोसळला, खेळ निम्म्यावर आला. सॅम स्नीड जिंकला. हा स्नीड लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्या वाहत असे! महायुद्धानंतर १९४७ साली सामना पेबल बीच या समुद्रकाठी गेला.

तुम्ही म्हणाल, पक्क्या गड्यापुढे हौशाचा काय निभाव लागणार? त्याला तोड आहे. हौशाचे बळ आधी जोखतात आणि त्याला काही टोले माफ करतात. समजा, एका खळग्याला दोघांनाही चार-चार टोले लागले. हौशाला एक माफ असेल, तर त्याचे तीनच. दोघांत जे कमी, ते जोडीचे. म्हणजे इथे हौशाने जोडीला तारले.

जॅक लेमन हा नट वर्षानुवर्षे खेळला. शेवटच्या दिवसाच्या खेळापर्यंत तो एकदाही पोचला नाही. तरी तो येतच राहिला. सामन्याचा पैसाही धर्मादाय कामांना जातो.

आपण कच्च्या लिंबाला खेळात घेतो, पण मोजत नाही. इथे त्याला मोजतात. आम्ही शाळेत हुशार मुलाशेजारी मागे पडलेला मुलगा बसवत असू. पुष्कळदा दोघेही पुढे गेले. तुमच्या वर्गातही अशी जोडी लावून पाहा.