उत्तर न देणारा ड्राइव्ह

संगणकावर काम करताना कधी कधी फायलींची विंडो अचानक गोठते. माऊस हलतो, पण कुठेही क्लिक केले तरी काही घडत नाही. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे उमटतात. व्हायरस शिरला, हार्ड डिस्क गेली, अशा शंका मनात येतात. पण पुष्कळदा कारण साधे असते. त्या विंडोत दिसणारा एखादा ड्राइव्ह आपल्या यंत्रात नसून दूरच्या सर्व्हरवर असतो आणि मधली जोडणी तुटलेली असते.

मग 'ड्राइव्ह सापडत नाही' असे संगणक लगेच का सांगत नाही? कारण त्याला ते ठाऊकच नसते. सर्व्हर जागा असेल आणि त्याने नकार दिला, तर तो नकार क्षणात पोचतो. जोडणीच तुटली तर होकारही येत नाही, नकारही येत नाही. समोरचा सावकाश उत्तर देणार आहे की निघूनच गेला आहे, हे नुसत्या शांततेवरून कसे कळावे? म्हणून संगणक तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत थांबतो. उत्तराची वाट पाहणे आणि आपल्या क्लिककडे लक्ष देणे, ही दोन्ही कामे प्रोग्रामने एकाच हाताकडे दिलेली असली, की सारेच अडते. विंडोजमध्ये टास्कबारही एक्सप्लोररच सांभाळतो, म्हणून कधी तोही थिजतो.

मग ही मुदत कमी का करू नये? सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली तयार केलेल्या 'नेटवर्क फाइल सिस्टीम'मध्ये दोन पर्याय असतात. 'हार्ड' म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत प्रयत्न करत राहणे. 'सॉफ्ट' म्हणजे काही प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळे होणे. दुसरा पर्याय सोयीचा वाटतो. पण लिहिणे चालू असताना संगणकाने माघार घेतली, तर फाइल अर्धवट राहू शकते. म्हणून लिनक्सवर सहसा 'हार्ड' हाच पर्याय आपोआप लागू असतो. खरा उपाय मुदत कमी करण्यात नाही. वाट पाहण्याचे काम प्रोग्रामने वेगळ्या हाताकडे द्यावे, म्हणजे विंडो मोकळी राहते.

आपल्या हाती काय आहे? विंडो गोठली की लगेच वीज बंद करू नये. न साठवलेले काम त्याने हमखास जाते. आधी केबल आणि वाय-फाय तपासावे, थोडे थांबावे. लॅपटॉप घरी नेण्यापूर्वी कार्यालयातला ड्राइव्ह 'डिस्कनेक्ट' करावा. आणि महत्त्वाच्या फायलीची एक प्रत आपल्याच यंत्रात ठेवावी, म्हणजे सर्व्हर गप्प झाला तरी आपले काम थांबत नाही.