थंडीची लाट व हिमतुषार : नाशिक परिसर

हिवाळ्यात एखाद्या ठिकाणचे रात्रीचे किमान तापमान तेथील त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा बरेच खाली जाते, तेव्हा त्या स्थितीस थंडीची लाट म्हणतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १०° से. वा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा ४·५° ते ६·४° से. इतके उतरले, तर थंडीची लाट व त्याहूनही अधिक उतरले, तर तीव्र लाट मानतात. सरासरी काहीही असो, पारा ४° से. पर्यंत आला तरी लाट व २° से. पर्यंत आला तर तीव्र लाट समजली जाते.

नाशिक हे २०° उत्तर अक्षवृत्तानजीक व समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर वसले आहे. येथे हिमवृष्टी होत नाही. तरीही ‘निफाडला बर्फ पडला’ असे अधूनमधून ऐकू येते. त्यामागे बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते. गारपिटीने (उदा., फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील) शेते पांढरी होतात, त्यास लोक बर्फ म्हणतात, परंतु गारा उंच गर्जन्मेघांत तयार होतात व त्यांचा थंडीच्या लाटेशी संबंध नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे गवतावर, पाचटावर किंवा उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर पहाटे दिसणारा पांढरा थर. हा हिमतुषार होय. तो आकाशातून पडत नाही, तर पृष्ठभागावरच तयार होतो. महाबळेश्वर येथे वेण्णा तलाव व लिंगमळा या भागांत तो पुष्कळ हिवाळ्यांत दिसतो.

कारणे : हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर व हिमाचल प्रदेशावरून जाताना तेथे हिमवृष्टी करतात. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की, त्याच्या पाठीमागून उत्तरेकडील थंड व कोरडी हवा राजस्थान, मध्य प्रदेश व गुजरात ओलांडून खानदेशात आणि तेथून नाशिक जिल्ह्यात उतरते. म्हणून हिमालयातील हिमवृष्टीची बातमी ही नाशिककरांस काही दिवस आधी मिळालेली सूचनाच असते. परंतु उत्तरेकडून आलेली हवा वाटेत बरीच तापलेली असते. तिची खरी देणगी थंडी नसून कोरडेपणा ही आहे. उरलेले काम स्थानिक रात्र करते.

जमीन, झाडे व घरे रात्री अवरक्त प्रारणाच्या रूपाने सतत उष्णता गमावतात. ढग व हवेतील बाष्प या प्रारणाचा मोठा भाग शोषून पुन्हा खाली पाठवितात. आकाश निरभ्र व हवा कोरडी असली, तर ही परतफेड थोडी होते आणि उघडे पृष्ठभाग झपाट्याने निवतात. वारा असेल, तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. वारा पडला की, जमिनीलगतची थंड हवा तेथेच साचून वर उबदार व खाली थंड अशी उलटी रचना होते. हिला तापमान व्युत्क्रमण म्हणतात.

वेधशाळेचा तापमापक सु. १·२ मी. उंचीवर स्टीव्हन्सन पेटीत, आडोशाला असतो. निवांत रात्री पान, गवत वा मोटारीची काच यांचे तापमान पेटीतील हवेपेक्षा काही अंशांनी कमी असू शकते. त्यामुळे अंदाजात ३° से. असूनही टपावर हिमतुषार आढळतो. त्यात अंदाज चुकला असे नसते. उघड्यावर उभी मोटार ही या दृष्टीने सामान्य माणसाची वेधशाळाच होय.

या विषयावरील एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्राशी निगडित आहे. पुणे येथे १९३२ मध्ये सुरू झालेल्या कृषी-हवामानशास्त्र शाखेचे प्रमुख एल्. ए. रामदास यांनी एस्. आत्मनाथन् यांच्यासह त्याच वर्षी असे दाखविले की, निरभ्र व निवांत रात्री हवेचे सर्वांत कमी तापमान अगदी जमिनीला टेकून नव्हे, तर तिच्या काही डेसिमीटर वर आढळते. तत्कालीन समजुतीला हे इतके विसंगत होते की, ते मान्य होण्यास बराच काळ लागला. आज हा थर ‘रामदास थर’ या नावाने ओळखला जातो. रोपवाटिका, भाजीपाला व नवी लागवड या थरातच सापडतात. मांडवावरील द्राक्षाचे घड त्याच्या वर, माणसाच्या डोक्याच्या आसपास असतात. पहिला फटका बुटक्या पिकांना बसतो, तो यामुळेच.

पूर्वानुमान : हवामानशास्त्र विभागाचा अंदाज संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, एका शिवारातील रात्र शेतकऱ्यासच ओळखावी लागते. दुपारी कोरडे उत्तरी वारे, सायंकाळी आकाश पूर्ण निरभ्र आणि दिवेलागणीस वारा एकदम पडणे, ही तीन लक्षणे एकत्र आली की, सावध व्हावे. चौथे लक्षण डोळ्यांना दिसत नाही, पण तेच सर्वांत मोलाचे आहे. ते म्हणजे सायंकाळचा दवांक. हवा ज्या तापमानास बाष्पाने संपृक्त होऊन दव पडू लागते, ते दवांक होय. दर ग्रॅम बाष्पाचे दव होताना सु. ६०० कॅलरी सुप्त उष्णता मोकळी होते व ती तापमानाची घसरण रोखून धरते. दवांक १०° से. असेल, तर हा रोध लवकर लागतो. तो शून्याजवळ असेल, तर पहाटेपर्यंत रोधच नसतो. कोरड्या व ओल्या फडक्याच्या दोन तापमापकांवरून सायंकाळी दवांक काढता येतो व हे साधन फारसे महाग नाही. ढग आले की थंडी ओसरते, हा सर्वांचा अनुभव खरा आहे. मात्र द्राक्ष बागायतदारास ढगही नको असतात, कारण त्यांच्याबरोबर केवडा रोगाची व अवकाळी पावसाची भीती येते.

नाशिक येथे ७ जानेवारी १९४५ रोजी ०·६° से. इतके नीचतम तापमान नोंदले गेले. अलीकडे मात्र थंडीच्या बातम्यांत निफाडचे नाव शहराच्या पुढे असते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथील पारा २° से. च्याही खाली गेला होता. निफाड तालुका गोदावरी व कादवा यांच्या खोऱ्यात असून रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून वाहत सखल भागी साठते. शहरात इमारती व रस्ते दिवसाची उष्णता राखून ठेवतात, तशी सोय उघड्या शेतात नसते. निफाडजवळ कुंदेवाडी येथील कृषी संशोधन केंद्रात तापमानाच्या नोंदी होतात व वृत्तपत्रांतील आकडे बहुधा तेथलेच असतात. हे केंद्र मूलतः गव्हाचे आहे, ही गोष्टही बोलकी आहे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘गोदावरी’ व ‘नेत्रावती’ हे गव्हाचे वाण येथलेच. दीर्घ थंडीने गव्हाला फुटवे चांगले येतात व दाणा भरण्यास अवधी मिळतो. एकाच बांधाच्या एका बाजूस थंडी मानवते व दुसऱ्या बाजूस तीच बाधते.

द्राक्षबागा : नाशिक जिल्ह्यात बहुतेक बागांची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते व डिसेंबर-जानेवारीत मणी वाढीच्या अवस्थेत असतात. वेलीची कोवळी पेशीजाले गोठण्यास तापमान शून्याखाली जावे लागते, व असे येथे क्वचितच घडते. खरे नुकसान त्याआधीच, गोठण्याशिवाय होते. किमान तापमान सतत ८°-१०° से. च्या खाली राहिले, तर मुळांची व पानांची क्रिया मंदावते, मण्यांची फुगवण थांबते व साखर उशिरा भरते. थंड रात्र व उबदार दुपार यांतील अंतर वाढले की, थॉमसन सीडलेससारख्या हिरव्या जातींच्या मण्यांवर गुलाबी झाक येते. खाण्यास अशी द्राक्षे वाईट नसतात, परंतु यूरोपच्या बाजारात ती नाकारली जातात. बागलाण भागातील अगाप द्राक्षे तर याच सुमारास पक्व असतात व ती तडकण्याचा धोका असतो. वर्षभराची मजुरी, खते, औषधे व बहुधा कर्जही या घडांत गुंतलेले असते. म्हणून निफाड-दिंडोरीकडील बागायतदार डिसेंबरातल्या रात्री जागून काढतो.

बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून धूर करणे, हा सर्वाधिक प्रचलित उपाय होय. त्याच्या उपयोगाविषयी मात्र गैरसमज आहे. धुराचे कण अवरक्त तरंगलांबीच्या मानाने फार बारीक असल्याने धूर ढगाप्रमाणे उष्णता अडवीत नाही. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा व तिने हवा ढवळली जाण्याचा. म्हणून ओला पालापाचोळा जाळून एक मोठा धुरळा करण्यापेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठी शेकोटी व्युत्क्रमणाचा थर फोडून आपली उष्णता वर निघून जाऊ देते. सूर्योदयानंतर रेंगाळणारा दाट धूर तर ऊन अडवून अपायच करतो. तापमान सूर्योदयाच्या सुमारास नीचतम असते. त्यामुळे मध्यरात्री सरपण संपविणाऱ्यास पहाटे हात चोळीत बसावे लागते.

पाण्याचा उपाय अधिक भरवशाचा आहे. ओली, दबलेली व तणविरहित जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सहज वर सोडते; कोरड्या भुसभुशीत मातीत किंवा जाड आच्छादनाखाली हे होत नाही. यासाठी सायंकाळी हलके पाणी द्यावे. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते, म्हणून पहाटेही ते सोडतात. पाणी गोठताना दर ग्रॅमला सु. ८० कॅलरी उष्णता देते, या तत्त्वावर थंड देशांत फळबागांवर रात्रभर तुषार फवारतात. येथे त्याची गरज पडत नाही, शिवाय ओल्या घडांवर रोग वाढतात. मण्यांवरील गुलाबी झाक टाळण्यासाठी घडांना कागद लावण्याची रीत आता रुळली आहे. रोपवाटिकेवर सायंकाळी टाकलेले गोणपाट वा प्लॅस्टिकचा कागद सकाळी काढणे आवश्यक असते.

मोटारवाहने : वाहनाच्या बाबतीत नाशिकची थंडी व उत्तरेची थंडी यांत फरक करावयास हवा. नाशिकमध्ये प्रारकातील (रेडिएटरमधील) पाणी गोठत नाही. येथे पहिली तक्रार बॅटरीची येते. तापमान उतरले की, शिसे-अम्ल बॅटरीतील रासायनिक विक्रिया मंदावते आणि नेमके त्याच वेळी वंगण घट्ट झाल्याने एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. जुनी बॅटरी ऑक्टोबरात ठीक वाटते व डिसेंबरातल्या पहाटे मान टाकते. तेव्हा तिची तपासणी दिवाळीच्या सुमारास करून घ्यावी. ‘१५डब्ल्यू-४०’ यासारख्या बहुश्रेणी वंगणाच्या नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्यापूर्वीचा आकडा जितका लहान तितके ते वंगण थंडीत पातळ राहते. चाकांतील हवेचा दाब तापमानाबरोबर कमी होतो, तो सकाळी गाडी चालविण्यापूर्वी पहावा. पुढच्या काचेवर सायंकाळी जाड कापड टाकले, तर तिचे प्रारण थांबून तुषार धरत नाही. तुषार असलेल्या काचेवर कढत पाणी ओतू नये, ती तडकते.

लासलगावचा कांदा व पिंपळगाव बसवंतची द्राक्षे घेऊन आग्रा रोडने उत्तरेस जाणाऱ्या मालमोटारींची गोष्ट निराळी. डीझेलमध्ये मेणासारखी पॅराफिने असतात. थंडीत त्यांचे स्फटिक बनून गाळणी तुंबते व चालते एंजिन बंद पडते. भारतीय मानकानुसार डीझेलचा प्रवाहबिंदू उन्हाळ्यात १५° से. पर्यंत, तर हिवाळ्यात ३° से. पर्यंत चालतो. हिवाळी डीझेलही काश्मीर-लडाखच्या थंडीत अपुरे पडते. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये –३३° से. पर्यंत प्रवाही राहणारे खास डीझेल उपलब्ध केले. त्यापूर्वी तेथील चालक डीझेलमध्ये रॉकेल मिसळीत. म्हणून महाराष्ट्रात भरलेली टाकी पहाड चढण्यापूर्वी शक्य तितकी संपवून तेथले इंधन घ्यावे.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते व त्या दाबाने एंजिनाचा ठोकळा फुटू शकतो. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे समभाग मिश्रण सु. –३७° से. पर्यंत गोठत नाही. परंतु शुद्ध ग्लायकॉल सु. –१३° से. लाच गोठते, तेव्हा अधिक ओतल्याने अधिक संरक्षण मिळते ही समजूत चुकीची आहे. नुसते पाणी वापरणाऱ्या जुन्या गाड्यांतून ते रात्री काढून टाकण्याची पद्धत आहे. अशा वेळी प्रारकाबरोबर एंजिनाच्या ठोकळ्याची तोटीही उघडावी लागते, कारण तळाशी उरलेले थोडे पाणीही ठोकळा फोडण्यास पुरते.