विद्युत् पुरवठा एकक, संगणकाचे
घरगुती पुरवठ्यातील प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणाऱ्या) प्रवाहाचे, संगणकाच्या मंडलांना लागणाऱ्या कमी दाबाच्या एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणारे साधन. मेजावरील संगणकात ते मुख्यतः १२, ५ व ३.३ व्होल्ट दाब पुरविते. १९७७ मधील ॲपल-२ या संगणकासाठी रॉड होल्ट यांनी पंखा नसलेले, स्विच पद्धतीचे एकक तयार केले. १९८१ मधील आयबीएम पीसीचे एकक ६३.५ वॉट शक्तीचे होते. इंटेल कंपनीच्या एटीएक्स मानकानंतर (१९९५) एककांचा आकार व जोडण्या बऱ्याच अंशी एकसारख्या झाल्या. पुढे संगणकास लागणारी शक्ती वाढली, तसा पंख्याच्या आवाजाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

आवाजाची कारणे : पंखा हे आवाजाचे प्रमुख कारण असून त्याची गती उष्णतेवर व उष्णता कार्यक्षमतेवर अवलंबून असते. उदा., ३०० वॉट पुरविताना ८० टक्के कार्यक्षमतेचे एकक सु. ७५ वॉट, तर ९० टक्क्यांचे सु. ३३ वॉट उष्णता निर्माण करते. मोठ्या व्यासाचा पंखा कमी गतीनेही तितकीच हवा खेळवितो. काही एककांत भार कमी असताना पंखा थांबतो. वेटोळी व रोहित्र यांच्या कंपनांमुळे येणारा बारीक गुणगुणाट मात्र पंखा थांबला, तरी ऐकू येऊ शकतो.

मूल्यमापन : शांत खोलीत, ठराविक अंतरावरून व निरनिराळ्या भारांवर आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. परीक्षणाच्या वेळचे तापमान नमूद नसल्यास आकडे फसवे ठरतात, कारण थंड जागी शांत असणारे एकक उष्ण पेटीत गोंगाट करू शकते. ‘८० प्लस’ या प्रमाणनात (२००४ पासून) कार्यक्षमतेचे दर्जे ठरवितात, आवाज मोजत नाहीत. दाबातील विचलन सामान्यतः ५ टक्क्यांच्या आत असावे लागते. दाबातील तरंगांची मर्यादा १२ व्होल्टसाठी १२० व ५ आणि ३.३ व्होल्टसाठी ५० मिलिव्होल्ट आहे. शांततेसाठी पंखा फार मंद ठेवल्यास विद्युत् विच्छेद्य धारित्रे (विद्युत् भार साठविणारी साधने) तापतात. तापमान १०° से.ने वाढल्यास त्यांचे आयुष्य स्थूलमानाने निम्मे होते. म्हणून आवाज व अंतर्गत तापमान यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

मॉड्यूलर रचना : हीत तारा एककापासून सुट्या करता येतात. नको असलेल्या तारा काढल्याने पेटीत हवा मोकळी खेळते व जोडणी सुलभ होते. तथापि तारांच्या एककाकडील टोकांची मांडणी प्रमाणित नाही. एका उत्पादकाची तार दुसऱ्याच्या एककात नीट बसली, तरी चुकीचा दाब जाऊन तबकड्या व इतर भाग जळू शकतात. त्यामुळे एकक बदलताना त्याच्या सर्व तारा बदलणे आवश्यक असते. पुरवठा बंद केल्यावरही आतील धारित्रांत घातक भार राहत असल्याने एककाची पेटी तज्ञाखेरीज इतरांनी उघडू नये.